हिरव्या पक्ष्यांच्या पोटी निळे पिल्लू

आज एका कोड्याने सुरुवात करू या.

समजा, तुमच्या घराच्या पडवीत एक पिंजरा टांगलेला आहे. त्यात हिरव्या बजरीगर पक्ष्यांची एकच जोडी आहे. नर हिरवा, मादीही हिरवी. पिंजऱ्यात बांधलेल्या मडक्यात मादीने पाच अंडी घातली. अठराएक दिवसांनी एकेक करून पिल्ले बाहेर आली. सुरुवातीला ती अगदी उघडीवाघडी, गुलाबी गोळ्यासारखी होती. तिसऱ्या आठवड्यात पिसांचे रंग दिसू लागले आणि सारे घर मडक्याभोवती गोळा झाले. चार पिल्ले आईबापांसारखी हिरवी, पण पाचवे चक्क आकाशासारखे निळे!

आता तर्कांना ऊत आला. कोणी म्हणाले, राळ्यांबरोबर वेगळे काही खाण्यात आले असेल. कोणी म्हणाले, पिंजऱ्यामागे निळा पडदा आहे, त्याचा हा परिणाम. पण पिंजऱ्यात दुसरा नर नव्हता आणि बाहेरचा पक्षी आत येण्याचा प्रश्नच नव्हता. मग हा निळा रंग आला कोठून?

उत्तर ऐकून तुम्हाला नवल वाटेल. निळा रंग बाहेरून आलाच नाही. तो त्या दोन हिरव्या पक्ष्यांच्या अंगीच होता. नरातही होता आणि मादीतही होता. मात्र तो लपलेला होता. हे लपणे म्हणजे काय आणि लपलेले ओळखायचे कसे, हेच आज आपण पाहणार आहोत.

हा पक्षी मूळचा कोठला?

आपल्याकडे दुकानातून आणि घरोघरी या पक्ष्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात. पण हे नाव चुकीचे आहे. खरे लव्हबर्ड आफ्रिका खंडातले. ते अंगाने आखूड आणि बुटक्या शेपटीचे असतात. आपल्या मडक्यात नांदणारा, लांब शेपटीचा, डोक्यावर आणि पंखांवर काळ्या आडव्या रेघा असलेला चिमुकला पोपट म्हणजे बजरीगर. तो ऑस्ट्रेलियाचा. तेथील कोरड्या माळरानावर पाणी आणि गवताचे बी शोधत त्याचे प्रचंड थवे भटकत असतात. हे थवे हिरवेगार असतात. डोके तेवढे पिवळे.

जॉन गूल्ड या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने १८४० मध्ये काही जिवंत बजरीगर इंग्लंडला आणले. पिंजऱ्यात हा पक्षी सहज अंडी घालतो, असे दिसून आले आणि थोड्याच वर्षांत तो युरोपभर पसरला. सुरुवातीचे हे सगळे पक्षी हिरवे होते. पुढे पिंजऱ्यांतून पिवळी पिल्ले निघाली. १८८० च्या सुमारास बेल्जियममध्ये पहिला निळा बजरीगर दिसला. १९१५ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे गडद हिरव्या रंगाचा पक्षी जन्मला. १९३० नंतर युरोपात लाल डोळ्यांचे शुभ्र पक्षीही आले. आज बजरीगरांचे रंग मोजू गेलो तर बोटे पुरणार नाहीत.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. आपल्या शेतात आणि आमराईत दिसणारा लाल चोचीचा पोपट हा आपला रानपक्षी आहे. तो पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. या लेखातील सारी चर्चा पिंजऱ्यातच पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या बजरीगरांपुरती आहे.

एका पिसाची करामत

रंग कसा लपतो हे कळण्यासाठी आधी तो बनतो कसा, हे कळले पाहिजे.

बजरीगरचे हिरवे पीस घ्या. त्यात हिरवे रंगद्रव्य मुळीच नसते! पिसाच्या बारीक तंतूला आडवा छेद देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर त्याचे तीन भाग दिसतात. सर्वांत बाहेर पिवळ्या रंगद्रव्याचे आवरण असते. हे रंगद्रव्य फक्त पोपटांच्या कुळातच आढळते. त्याच्या आत केरॅटिन या प्रथिनाचा जाळीदार थर असतो. आपली नखे ज्या प्रकारच्या पदार्थाची बनतात, त्यातलाच हा. या जाळीतल्या हवेच्या पोकळ्या इतक्या सूक्ष्म आणि नेमक्या अंतरावर असतात, की त्यांच्यावर प्रकाश पडला म्हणजे त्यातला निळा भाग तेवढा परत फेकला जातो. सर्वांत आत मेलॅनिन हे काळपट रंगद्रव्य असते. उरलेला प्रकाश ते शोषून घेते. त्यामुळे निळा रंग उठून दिसतो.

आतून येणारा निळा प्रकाश बाहेरच्या पिवळ्या आवरणातून गाळून आला, की आपल्या डोळ्यांना हिरवा दिसतो. आता हिशेब सोपा झाला.

पिवळे आवरण काढून टाकले, तर उरेल निळा पक्षी.

पिवळे ठेवले आणि आतले मेलॅनिन काढले, तर पाठीमागे काळा पडदा नसल्यामुळे निळा उठून दिसत नाही. उरतो पिवळा पक्षी. त्याच्या अंगावर काळ्या रेघा नसतात आणि डोळेही लाल असतात. याला ल्युटिनो म्हणतात.

दोन्ही काढले, तर लाल डोळ्यांचा शुभ्र पक्षी. हा अल्बिनो.

म्हणजे निळा पक्षी हा काही नवीन मिळवलेला पक्षी नव्हे. तो काहीतरी हरवलेला पक्षी आहे!

तुमच्या ओळखीच्या कोणाकडे निळा बजरीगर असेल, तर पिंजऱ्याच्या तळाशी गळून पडलेले एखादे निळे पीस मागून आणा. ते उजेडासमोर धरून आरपार पाहा. निळाई नाहीशी होऊन पीस करडे-तपकिरी दिसेल. निळा रंग हा द्रव्याचा नसून रचनेचा आहे, याचा हा पुरावा.

बिघडलेला कारागीर

पिवळे रंगद्रव्य तयार करण्याचे काम पक्ष्याच्या शरीरात एक विकर करते. हे विकर कसे बनवायचे, याची आज्ञा एका जनुकात लिहिलेली असते. २०१७ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी हे जनुक शोधून काढले. हिरव्या आणि निळ्या बजरीगरांच्या डीएनएची त्यांनी तुलना केली. तेव्हा निळ्या पक्ष्यांत विकराच्या लांबलचक साखळीतील ६४४ वा दुवा तेवढा बदललेला आढळला. आर्जिनिनच्या जागी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल आले होते. एवढ्याशा बदलाने विकराचे काम बंद पडते. शास्त्रज्ञांनी हिरव्या पक्ष्याचे जनुक यीस्टमध्ये घातले, तेव्हा यीस्टमध्येही पिवळे रंगद्रव्य तयार झाले. यापेक्षा चांगला पुरावा कोणता हवा?

जनुकातील अशा अचानक झालेल्या बदलाला उत्परिवर्तन म्हणतात.

आता ग्रेगोर मेंडेल यांचे वाटाणे आठवा. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून मिळते, तर दुसरी बापाकडून. आपण पिवळे रंगद्रव्य देणाऱ्या चांगल्या प्रतीला ‘प’ म्हणू आणि न देणाऱ्या प्रतीला ‘न’ म्हणू. मग पक्षी तीन प्रकारचे होतील: पप, पन आणि नन.

पप पक्षी हिरवा. नन पक्षी निळा. आणि पन? त्याच्याकडे एक प्रत चांगली आहे. तिच्यापासून बनलेले विकर पिसे पिवळी करण्यास पुरेसे पडते. दोन कारागिरांपैकी एक आजारी पडला, तरी दुसऱ्याने काम वेळेत उरकावे, तसेच हे. म्हणून पन पक्षीही हिरवाच दिसतो. पप आणि पन शेजारी शेजारी ठेवले, तर नुसत्या डोळ्यांनी त्यांतला भेद ओळखता येत नाही. म्हणूनच ‘न’ या प्रतीला अप्रभावी म्हणतात. पक्षी पाळणारे पन पक्ष्याला ‘स्प्लिट’ म्हणतात आणि वहीत ‘हिरवा / निळा’ असे लिहितात. तिरप्या रेघेच्या आधी दिसणारा रंग, रेघेनंतर लपलेला.

आपले कोडे सुटले! पडवीतले दोन्ही हिरवे पक्षी पन होते. पिल्लाला दोघांकडूनही ‘न’ मिळाले आणि ते निळे झाले.

पन आणि पन यांच्या पिल्लांत सरासरीने एक पप, दोन पन आणि एक नन, असे प्रमाण पडते. पण सरासरी म्हणजे हमी नव्हे, बरे का! ‘चारात एक निळे’ याचा अर्थ प्रत्येक घरट्यात चौथे पिल्लू निळे होणार असा नाही. प्रत्येक पिल्लू हिरवे निघण्याची शक्यता ३/४ असते. म्हणून चारही पिल्ले हिरवी निघण्याची शक्यता ३/४ चा चौथा घात, म्हणजे ८१/२५६ इतकी येते. दर तीन घरट्यांपैकी जवळजवळ एका घरट्यात निळे पिल्लू दिसणारच नाही.

यातून आणखी एक विचार सुचतो. निळा पक्षी व्हायला दोन ‘न’ लागतात. तेव्हा बेल्जियममधील तो पहिला निळा पक्षी दिसला, त्याच्या निदान एक-दोन पिढ्या आधीच जनुक बदललेले असले पाहिजे. ते हिरव्या पक्ष्यांच्या अंगात, कोणालाही पत्ता न लागता, पुढे पुढे जात राहिले. त्या काळी मेंडेल यांचा निबंध प्रसिद्ध झालेला होता, पण त्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. ते १९०० मध्ये गेले. निळ्याची जोडी हिरव्याशी जमवावी आणि सगळी पिल्ले हिरवी निघावीत, असे झाले की मेंडेलचे नियम माहीत नसलेल्या माणसाला निळा रंग कायमचा गेला, असेच वाटणार.

बजरीगरांच्या रंगांचा हा हिशेब १९२० च्या दशकात नीट मांडला, तो जर्मनीतील ब्रेमेन शहराच्या हान्स डुंकर या शाळामास्तरांनी. क्रेमर नावाच्या एका धनिकाच्या पक्षिगृहात त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी ठेवल्या. दुर्दैव असे, की याच डुंकर यांनी पुढे माणसांच्या ‘वंशशुद्धी’च्या नाझी कल्पनांची पाठराखण केली. बाहेरून दिसते तेवढ्यावरून आतले ओळखता येत नाही, हे पक्ष्यांत पाहिलेल्या माणसाने माणसांच्या बाबतीत मात्र ते ध्यानात घेतले नाही.

दुकानदाराचे म्हणणे खरे की खोटे?

आता खरी कसोटी. तुम्ही दुकानात गेलात. दुकानदार एका हिरव्या नराकडे बोट दाखवून म्हणाला, “हा साधा हिरवा नाही. याच्यात निळा लपलेला आहे. याची किंमत जास्त पडेल.” तुम्ही काय कराल?

पक्ष्याकडे निरखून पाहण्यात अर्थ नाही. त्याच्या घराण्याची चौकशी करा.

त्याच्या आईबापांपैकी एक जण निळा होता का? असेल तर दुकानदाराचे म्हणणे शंभर टक्के खरे. निळ्या पालकाकडे देण्यासारखे ‘न’ शिवाय दुसरे काही नसतेच.

त्याचे आईबाप हिरवे, पण एखादे भावंड निळे आहे का? तर आईबाप दोघेही पन असणार. अशा घरातल्या तीन हिरव्या पिल्लांपैकी सरासरीने दोन पन असतात. म्हणजे शक्यता दोन तृतीयांश. खात्री नव्हे.

घराण्याची काहीच माहिती नाही? मग दुकानदाराचे म्हणणे केवळ म्हणणे आहे. जास्तीचे पैसे देऊ नका.

माहिती नसली, तरी एक उपाय उरतो. तो म्हणजे परीक्षा-संकर. संशयित हिरव्याची जोडी निळ्या पक्ष्याशी जमवायची. निळा पक्षी प्रत्येक पिल्लाला ‘न’ च देतो. त्यामुळे हिरव्याने काय दिले, ते पिल्लाच्या पिसांवर उघड होते. हिरवा पक्षी पप असेल, तर सर्व पिल्ले हिरवी. पन असेल, तर प्रत्येक पिल्लू निळे निघण्याची शक्यता निम्मी.

एकही निळे पिल्लू निघाले, तर निकाल लागला. पक्षी पन आहे. पण सगळी हिरवी निघाली तर? तर पक्षी पप आहे, असे म्हणता येईल का?

येथे घाई करू नका. पन पक्ष्यालाही योगायोगाने सगळी हिरवी पिल्ले होऊ शकतात. नाणे लागोपाठ चार वेळा छापा पडावे, तसे. आपण हिशेबच करू.

ज्यांचे एखादे भावंड निळे आहे, असे ४८ हिरवे पक्षी आहेत असे माना. त्यांत सरासरीने ३२ पन आणि १६ पप असतील. प्रत्येकाला निळ्या जोडीदारापासून चार-चार पिल्ले झाली. १६ पप पक्ष्यांची सर्व पिल्ले हिरवीच. पन पक्ष्याची चारही पिल्ले हिरवी निघण्याची शक्यता १/२ × १/२ × १/२ × १/२ म्हणजे १/१६. तेव्हा ३२ पैकी २ पन पक्ष्यांना चारही हिरवी पिल्ले होतील. एकूण १८ पक्ष्यांना सगळी हिरवी पिल्ले झाली आणि त्यांतले २ प्रत्यक्षात पन निघाले. म्हणजे चार हिरव्या पिल्लांनंतरही ‘न’ लपलेले असण्याची शक्यता नवात एक एवढी उरतेच.

आणखी पिल्ले झाली, की ही शक्यता घटत जाईल. आठ हिरव्या पिल्लांनंतर ती १२९ मध्ये एक होईल. पण शून्य कधीच होणार नाही. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. लपलेले जनुक आहे, हे एका पिल्लाने सिद्ध होते. लपलेले जनुक नाही, हे कितीही पिल्लांनी पूर्णपणे सिद्ध होत नाही. आपण फक्त खात्रीच्या जवळ जवळ जात राहतो. विज्ञानात ‘आहे’ म्हणणे आणि ‘नाही’ म्हणणे यांत असा फरक पुष्कळदा पडतो.

या परीक्षेत एक पथ्य पाळावे लागते. एका मोठ्या पिंजऱ्यात दहा पक्षी एकत्र असतील, तर कोणते पिल्लू कोणाचे, हे सांगता येत नाही. जोडी वेगळीच हवी. मादीच्या शरीरात आधीच्या नराचे शुक्राणू काही दिवस टिकून राहतात. म्हणून जोडीदार बदलल्याबरोबर घातलेली अंडी हिशेबात धरू नयेत.

सगळेच जनुक लपत नाहीत

तुलूझचा गडद पक्षी आठवतो ना? गडदपणाचे जनुक वेगळ्या स्वभावाचे आहे. निळ्या पक्ष्यात त्याची एकही प्रत नसली, तर रंग आकाशी असतो. एक प्रत असली तर गडद निळा, म्हणजे कोबाल्ट. दोन असल्या तर जांभळट करडा. एक प्रत आणि दोन प्रती यांत येथे स्पष्ट फरक दिसतो. हे जनुक लपून बसत नाही. दोन कोबाल्ट पक्ष्यांची पिल्ले पाहून मेंडेलचे १ : २ : १ हे प्रमाण थेट डोळ्यांनी मोजता येते. पण हाच पक्षी अल्बिनो असेल, तर पांढऱ्या पिसांवर गडदपणा उमटायला जागाच राहत नाही. तेव्हा एक जनुक दुसऱ्या जनुकावर असा पडदा टाकू शकते.

जे मादी लपवू शकत नाही

आता दुकानदाराने एक हिरवी मादी दाखवली आणि म्हणाला, “हिच्यात ल्युटिनो लपलेला आहे.” या वेळी मात्र तुम्ही क्षणभरही न थांबता म्हणू शकता, “ते शक्य नाही!”

कसे ते पाहा. माणसांत स्त्रीची लिंग-गुणसूत्रे एक्स-एक्स, तर पुरुषाची एक्स-वाय. पक्ष्यांत नेमके उलट असते. नराची दोन्ही सारखी, त्यांना झेड-झेड म्हणतात. मादीची वेगळी, झेड-डब्ल्यू. बाजारात नेहमी दिसणारे ल्युटिनो आणि अल्बिनो पक्षी ज्या जनुकामुळे होतात, ते झेड गुणसूत्रावर असते. काळे रंगद्रव्य होऊ देणाऱ्या प्रतीला ‘क’ म्हणू आणि त्याला खीळ घालणाऱ्या प्रतीला ‘ख’ म्हणू. नराकडे दोन प्रती असतात. म्हणून तो कक, कख किंवा खख असू शकतो. कख नर दिसायला साधा हिरवा, पण ‘ख’ लपवलेला. मादीकडे झेड एकच, म्हणून प्रतही एकच. ती ‘क’ असेल तर मादी हिरवी, ‘ख’ असेल तर ल्युटिनो. लपवायला दुसरी प्रतच नाही!

माणसांतील रंगांधळेपणाचा वारसा असाच चालतो, फक्त बाजू उलटी. तेथे दोष स्त्रियांत लपतो आणि पुरुषांत उघडा पडतो.

यातून एक मौज होते. ल्युटिनो नर आणि हिरवी मादी अशी जोडी घ्या. मुलींना झेड फक्त बापाकडून मिळते, म्हणून सर्व मुली ल्युटिनो. मुलग्यांना आईकडून ‘क’ मिळते, म्हणून सर्व मुलगे हिरवे, पण ‘ख’ लपवलेले. एरवी पिल्लू नर की मादी, हे कळायला कित्येक आठवडे लागतात. येथे मात्र अंड्यातून बाहेर आल्या दिवशीच सांगता येते. पिल्लाच्या मिटलेल्या पापणीतून डोळा लालसर दिसला तर मादी, काळसर दिसला तर नर.

मोठ्या पक्ष्यात नराच्या नाकपुड्यांभोवतीचा भाग निळा आणि मादीचा तपकिरी असतो. पण ल्युटिनो आणि अल्बिनो नरात हा भाग गुलाबी-जांभळटच राहतो. तेथे फसू नका. पिवळा दिसला म्हणजे ल्युटिनोच, असेही समजू नका. काळ्या डोळ्यांचे पिवळे बजरीगरही असतात. त्यांचे जनुक वेगळे. म्हणून आधी डोळे पाहावेत.

लपलेले सारेच सुंदर नसते

एवढे कळल्यावर एखाद्याच्या मनात येईल, की निळे पिल्लू हवे तर हिरव्या बहीणभावांचीच जोडी जमवावी. दोघांत ‘न’ असण्याची शक्यता मोठी! पूर्वी पक्षी पाळणाऱ्यांनी असे पुष्कळदा केले. निळ्या बजरीगरांना जपानमध्ये १९२० च्या दशकाच्या अखेरीस एवढी मागणी आली, की त्यांच्या किमती आकाशाला भिडल्या. अशा वेळी घाई कोणाला होत नाही?

पण प्रत्येक पक्ष्यात हजारो जनुके असतात आणि त्यांत काही बिघडलेल्या प्रतीही असतात. त्या अप्रभावी असल्यामुळे लपून राहतात, त्रास देत नाहीत. समजा, बापाकडे अशी एक घातक प्रत आहे. ती प्रत्येक पिल्लाला मिळण्याची शक्यता निम्मी. बहीण आणि भाऊ दोघांनाही मिळण्याची शक्यता १/४. त्या दोघांची जोडी जमवली, तर त्यांच्या पिल्लाला दोन्हीकडून ती मिळण्याची शक्यता १/४ चा १/४, म्हणजे १/१६. परक्या घरातील जोडीदार आणला असता, तर त्याच्याकडे नेमकी तीच बिघडलेली प्रत असण्याचा संभव फारच थोडा होता.

बजरीगरांत कधी कधी असे एक पिल्लू जन्मते, की त्याची पिसे वाढायची थांबतच नाहीत. लांब, कुरळ्या, विस्कटलेल्या पिसांत ते बुडून जाते. त्याला उडता येत नाही, नीट दिसत नाही. बहुधा वर्षाच्या आतच ते मरते. पक्षी पाळणारे त्याला ‘पिसांचा झाडू’ म्हणतात. हा दोष अप्रभावी जनुकातून येतो, असे मानले जाते. निळा रंग ज्या वाटेने बाहेर आला, त्याच वाटेने हे दुःखही येते. रंगासाठी आपण दार उघडतो, पण त्यातून कोण कोण बाहेर येईल, हे आपल्या हाती नसते. म्हणून जवळच्या नात्यातील जोड्या जमवू नयेत. ज्या पिल्लांना चांगले घर मिळणार नाही, ती जन्माला घालू नयेत. अंगठीचा क्रमांक, आईबाप, तारीख आणि रंग यांची नोंद असलेली एक साधी वही ठेवणारा पाळणारा हा नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवणाऱ्यापेक्षा केव्हाही चांगला.

करून पाहा

या प्रयोगाला पक्षी लागत नाहीत. दोन नाणी घ्या. एक बाप, एक आई. छापा म्हणजे ‘प’, काटा म्हणजे ‘न’. दोन्ही एकदम उडवा. दोन काटे पडले तर पिल्लू निळे, नाही तर हिरवे. चार उडव्यांचे एक घरटे धरा. वर्गातल्या प्रत्येकाने पाच-पाच घरटी मांडा आणि फळ्यावर एकत्र करा. किती घरट्यांत एकही निळे नाही? आपल्या ८१/२५६ शी ताडून पाहा.

आता तीन कोडी. उत्तरे खाली आहेत, पण आधी डोके चालवा.

१. हिरवा नर, निळी मादी. सहा पिल्लांत तीन निळी. नर कोणता?

२. हिरवा नर, ल्युटिनो मादी. घरट्यात लाल डोळ्यांचे एक पिल्लू निघाले. नराबद्दल काय सांगाल?

३. मोठ्या पिंजऱ्यात बरेच पक्षी आहेत. एका निळ्या जोडीच्या मडक्यात हिरवे पिल्लू दिसले. काय झाले असेल?

उत्तरे: १. पन. एकच निळे पिल्लू असते तरी हेच उत्तर. २. नर कख आहे. पिल्लू नर असो वा मादी, बापाकडून ‘ख’ आल्याशिवाय डोळे लाल होत नाहीत. ३. दोन निळ्यांकडे ‘प’ नाहीच. तेव्हा पिल्लाचा बाप किंवा आई वेगळी आहे.

पुढच्या वेळी पिंजऱ्यात एखादा साधा हिरवा पक्षी राळे टिपताना दिसला, तर त्याला नुसता ‘साधा’ म्हणू नका. त्याच्यात काय दडले आहे, हे तुम्हाला ठाऊक नाही. त्यालाही ठाऊक नाही. ते कदाचित त्याच्या पिल्लांची पिसे सांगतील, कदाचित नातवंडांची.